पाणी सोडलं का

सहकार्य या विषयावर पीएचडी करणाऱ्या बाईला सहकार्य करायला जगात कुणालाही वेळ नसतो. हे कुरकुर म्हणून सांगत नाही. खरं तर कुरकुर म्हणूनच सांगते. दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी सडक अर्जुनीच्या बाजूला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांपुरत्या तुम्ही शिक्षिका. उन्हाळ्यात तुम्ही कुणीच नाही. दर जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत आणि तेच साहेब तोच प्रश्न विचारणार, की पीएचडी कुठवर आली. ती झाली तर कायम करण्याचा विचार होता. विचार गेली पाच वर्षं चालू होता.

घरी निराळीच तऱ्हा. पीएचडी झाल्याशिवाय लग्न करणार नाही, असं मीच एकदा तोऱ्यात सांगून बसले होते. आता पीएचडी होत नव्हती म्हणून लग्न होत नव्हतं आणि लग्न होत नव्हतं म्हणून गावातली प्रत्येक बाई पीएचडीबद्दल विचारायची. आई त्यांना "लिहून राहिली" एवढंच सांगायची.

माझा विषय होता उत्क्रांतीची गेम थिअरी. नाव ऐकून आमच्या प्राचार्यांना वाटलं होतं, की मी खेळाचा तास मागते आहे. सोपं करून सांगते. दोघांच्या शेतांना एकच नहर आहे, असं धरा. दोघांनी मिळून गाळ काढला तर दोघांचं भलं. एकाने काढला आणि दुसरा झाडाखाली बसला, तर बसणाऱ्याचं जास्त भलं, कारण पाणी त्यालाही येतं आणि कंबर दुखत नाही. जुन्या गणितात हे दोघे शहाणे असतात, पुढचामागचा विचार करून चाल खेळतात. माझ्या गणितात कुणी विचार करत नाही. लोक फक्त शेजाऱ्याकडे बघतात आणि ज्याचं बरं चाललंय त्याची नक्कल करतात. बसणारे वाढत जातात, गाळ काढणारे आटत जातात आणि एक वेळ अशी येते, की सगळे झाडाखाली आणि नहर कोरडी. तिथे गणित थांबतं. त्या जागेला समतोल म्हणतात. शब्द गोड आहे. अर्थ एवढाच, की तिथून एकटे हललात तर मार खाल आणि सगळे मिळून कधी हलणार नाहीत.

हे मला पुस्तकात वाचण्याआधीच कळलं होतं. एकदा आम्ही तासिकेवरच्या सात जणांनी ठरवलं, की वर्षभराची लेखी हमी मिळाल्याशिवाय जुलैत कुणीच अर्ज भरायचा नाही. चहा पिऊन, हातावर हात मारून ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कार्यालय उघडलं तेव्हा पाच जण रांगेत होते. मी चौथी होते. माझ्या पुढच्याने मागे वळून बघितलं नाही आणि मीही त्याला हाक मारली नाही. आपण सगळे एकाच खड्ड्यात आहोत आणि वर यायला एकमेकांच्या खांद्यावर पाय द्यायला टपलोय, हे तेव्हा इतकं स्वच्छ दिसलं, की मला माझ्या विषयाचा राग आला.

माझे मार्गदर्शक नागपूरला असायचे, मूळचे पुण्याकडचे. माणूस सज्जन. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. नुसती समीकरणं चालायची नाहीत, खरी माणसं घेऊन ती तपासून दाखव, असं त्यांनी मला सांगितलं. खरी माणसं मला गावातच मिळाली. आमच्या गावाला जुना तलाव आहे. त्याच्या पारीत, म्हणजे मातीच्या बांधात, दगडी पायऱ्यांचं एक दार आहे, त्याला तुडूम म्हणतात. त्यातल्या भोकांना लाकडी खुंटे ठोकलेले असतात. खुंटा उपसला की पाणी नहरेत आणि नहरेतून बांधीबांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्यावाफ्याला. धान गर्भात असताना पाऊस गेला, तर या पाण्यावरच सगळं. खुंटा कधी उपसायचा, कुणाची पाळी किती वेळ, हे पानकर ठरवतो. पानकर म्हणजे पाण्याचा राखणदार. गावाने नेमलेला, मळणीच्या वेळी घरटी धान घेणारा. आमच्या गावाचे पानकर माझे बाबा होते. त्यांच्या आधी त्यांचे बाबा.

पानकराची स्वतःची बांधी नहरेच्या अगदी शेपटीला असायची, हा आमच्या गावचा कायदा. त्याच्या बांधीत पाणी पोचलं म्हणजे गावात सगळ्यांच्या पोचलं. सरांना हे ऐकून इतका आनंद झाला, की ते खुर्चीवरून उठले. पण त्यांना पानकर नको होता. राखणदार असला की माणसं धाकानेच नीट वागतात, त्यात काय नवल, असं त्यांचं म्हणणं. राखणदाराशिवाय सहकार्य टिकतं का, ते शोध. आणि नशीब बघा, अशी एक वेळ गावात येऊन गेली होती. आदल्या वर्षी ऐन पाण्याच्या दिवसांत बाबांना मलेरिया झाला होता आणि पंधरा दिवस ते खाटेवर होते. पारीवर कुणीच नव्हतं. तरीही कुणाचं धान वाळलं नाही.

मी घरोघर फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्या. चौदावा प्रश्न सगळ्यात मोलाचा. पानकर नसताना पाळी तुमची होती, पण शेजाऱ्याचं धान जास्त सुकत होतं. तर तुम्ही आपल्या वाट्याचं पाणी त्याच्यासाठी सोडलंत का? एवढं लांबलचक दारात उभं राहून कोण विचारणार? दोन घरांनंतर मी तो आखूड केला. पानकर खाटेवर होता तेव्हा पाणी सोडलं का? लोक तोंडातली तंबाखू न थुंकता सांगायचे, सोडलं. मी खूण करायची. हो, सोडलं. खूण. एकदम सोडलं का थोडं थोडं, असंही एकाने मला विचारून घेतलं. मला वाटलं, काय हा मनाचा मोठेपणा. सबंध गावात फक्त एक बाई ठामपणे नाही म्हणाली. आमच्या बांधीच्या वरच्या अंगाला तिची बांधी. नवरा नागपूरला कामाला, शेती ती एकटीच करायची. प्रबंधात मी तिच्यावर एक सबंध परिच्छेद लिहिला. सहकारी समूहात एखादा स्वार्थी घटक कसा तग धरून राहतो, वगैरे.

आकडे मांडले तर समीकरणं लोण्यासारखी सुटत गेली. माणसं राखणदाराशिवाय एकमेकांना धरून राहतात, असं गणिताने सिद्ध झालं. सर खूश. गोंदियाला जाऊन प्रबंध बांधून घेतला. बांधणीवाल्याने विचारलं, "मॅडम, नाम गोल्डन में डालना है क्या?" मी म्हटलं, गोल्डनच टाका. नागपूरला प्रती जमा केल्या आणि परतीच्या बसमध्ये मी गाढ झोपले.

त्याच आठवड्यात बाबांनी विचारलं, की एवढे कागद गोळा करून शेवटी निघालं तरी काय. ते अंगणात बसून दोरी वळत होते. मी त्यांना कौतुकाने सगळं सांगितलं. तुम्ही आजारी होतात तेव्हा लोकांनी आपापल्या वाट्याचं पाणी सोडून शेजाऱ्याला दिलं, हे मी शोधून काढलं. बाबांचा हात थांबला. कुणी सांगितलं असं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांनीच. मग त्यांनी मी नेमकं काय विचारलं होतं ते शब्दाला शब्द म्हणून दाखवायला लावलं. मी म्हणून दाखवलं.

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"पानी सोडलं म्हंजे तुडूम खोलला, बाई," ते म्हणाले. "दुसऱ्याले देल्लं असतं तं लोकायनं देल्लं म्हनलं असतं. मी पारीवर नसलो का लोक खोलतेत. त्याच्यासाठीच तं मी हावो."

मी या गावात जन्मले. या तलावात पोहायला शिकले. पाणी सोडणं म्हणजे खुंटा उपसून आपल्याकडे पाणी घेणं, हे मला पाचव्या वर्षी ठाऊक होतं. पण नागपूरला शिकताना दहा वर्षं पुस्तकी मराठीत राहून सोडणं म्हणजे त्याग करणं, एवढंच माझ्या डोक्यात उरलं होतं. गावाने मला सरळ सरळ चोरी कबूल करून सांगितली होती आणि मी ती पुण्य म्हणून लिहून घेतली होती. कुणी खोटं बोललं नव्हतं. आणि जिने चोरी केली नाही, त्या एकटीला मी स्वार्थी ठरवून मोकळी झाले होते. धान का वाळलं नाही, तर अकराव्या दिवशी मोठा पाऊस आला होता. तोही मला ठाऊक होता, पण तो मी एका तळटीपेत कोंबला होता, कारण मला हवं ते उत्तर मिळालं होतं. हे सांगताना आजही माझे कान गरम होतात.

मी नागपूरला गेले. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, की प्रबंध परीक्षकांकडे गेला आहे, तो परत मागवणं म्हणजे नोंदणी रद्द करून नव्याने सुरुवात. तोवर ते निवृत्त होतील. दुसरा मार्गदर्शक मिळेल का, ते सांगता येत नाही. विद्यापीठाला तोंड कोण देणार? समीकरणं तर बरोबर आहेत ना, फक्त आकडे उलटे. डिग्री हातात आल्यावर एक दुरुस्तीचा लेख लिहू, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांचाही हात दगडाखाली होता, माझाही. दोघांपैकी कुणी एकाने हात ओढला असता तर दुसऱ्याचा चिरडला असता. मी मान हलवली आणि त्यांनी चहा मागवला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी स्तुती केली. त्यांनी एकच प्रश्न खोलात जाऊन विचारला: म्हणजे या गावाला राखणदाराची गरज नाही, असं म्हणायचं का? मी म्हटलं, प्रतिमानानुसार नाही. प्रतिमानानुसार या शब्दामागे माणूस आरामात लपू शकतो. पुढच्या जुलैत मला रांगेत उभं राहावं लागलं नाही. मी कायम झाले. कायम या शब्दाचाही मला तेव्हा धसकाच बसला.

दुरुस्तीचा लेख मी लिहिला नाही. दर सुट्टीत लिहिणार होते. कायम होऊन वर्ष झालं नाही तर लगेच आपणच आपला पाय कापायचा का, असं वाटायचं. पुढच्या वर्षी वाटायचं, आता इतक्या उशिरा कशाला.

तेवढ्यात गावात तलावाची नवी समिती झाली. अध्यक्ष माझे चुलतकाका. समितीतल्या बहुतेकांच्या बांध्या तुडुमाला लागून होत्या, आणि पानकराने हात धरून ठेवला नाही तर सगळ्यात आधी त्यांच्याच बांध्या भरणार होत्या. गावातली पहिली डॉक्टर म्हणून त्यांनी माझा सत्कार ठेवला. चावडीसमोर मंडप, शाल, नारळ. काका माईकवर आले. आपल्या गावच्या लेकीने गणिताने सिद्ध केलं, की आपल्या गावाला पानकर लागत नाही, लोक समजूतदार आहेत, असं ते म्हणाले. म्हणून या वर्षापासून पानकराची प्रथा बंद. पाळ्यांचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं जाईल, ज्याने त्याने आपापली पाळी बघावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काका माझ्याकडे वळले.

"तुह्या पुस्तकात असंच हाय ना, बाई?"

समोर सतरंजीवर पहिल्या रांगेत बाबा बसले होते. धुतलेलं धोतर, मांडी घातलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. बांधीत पाणी पोचलं का, हे बघताना ते जसं बघायचे तसं बघत होते. मला उठून एवढंच म्हणायचं होतं, की माझं चुकलं, तुम्ही सगळ्यांनी मला खरं सांगितलं आणि मी खोटं लिहिलं. माझी नोकरी त्या एका वाक्यावर उभी होती आणि बाबांचं सगळं आयुष्यही त्याच वाक्यावर. मी मूग गिळून बसले असते तरी चाललं असतं. पण माईक माझ्या तोंडासमोर आला होता.

"पुस्तकात तसंच आहे," मी म्हटलं.

यात खोटं काहीच नव्हतं.

घरी आल्यावर बाबा ओरडतील, निदान आईशी तरी बोलतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी जेवून घेतलं आणि पारीवर न्यायची काठी गोठ्यात टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी उठून नेहमीच्या वेळी तयार व्हायचे आणि मग अंगणातच बसायचे. मी आठवडाभर कॉलेजला जायला लवकर निघत होते.

पहिल्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि समिती शहाणी ठरली. दुसऱ्या वर्षी हस्त कोरडा गेला. धान गर्भात होतं. फळ्यावर पाळ्या सुंदर अक्षरात लिहिलेल्या होत्या, पण तुडुमाजवळचे आपली पाळी संपली तरी खुंटा बसवायला विसरायचे, मधले ते बघून विसरायला लागले आणि दहा दिवसांत नहरेच्या शेवटच्या टोकाला ओलसुद्धा उरली नाही. माझ्या वहीतली वक्र रेघ मी रोज बसमधून उतरून डोळ्यांनी बघत होते. गणित बरोबर होतं. फक्त आकडे उलटे होते. सगळ्यात शेवटी दोनच बांध्या: चौदाव्या प्रश्नाला नाही म्हणालेल्या त्या एकटीची आणि त्याखाली आमची. ती रोज फळ्यासमोर जाऊन आपली पाळी वाचून यायची. भांडायला ती समितीकडेही गेली होती. त्यांनी काखा वर केल्या.

तो रविवार होता. फळ्यावर तिची पाळी होती. दुपारी बाराला, लोक जेवायला घरी गेले तेव्हा, बाबा दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "फावडं घे. चाल."

मी कशाला म्हणून विचारलं नाही. पारीवर पोचलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. तुडुमाच्या पायऱ्या उतरणं आता त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं, म्हणून ते वर उभे राहिले आणि मी साडी खोचून छातीभर पाण्यात उतरले. पाण्याखाली हाताने चाचपत मी सगळ्यात खालच्या भोकाचा खुंटा शोधला. तो घट्ट बसला होता. बाबा वरून सांगत होते, डावीकडे वाकव, मग ओढ. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी जे केलं, ते आज स्वतःसाठी कसं करायचं, हे ते मला शांतपणे शिकवत होते. खुंटा निघाला. पाणी नहरेत पडल्याचा आवाज झाला.

मी वर आले तेव्हा ती पारीवरून येत होती. डोक्याला पदर, हातात पाण्याची बाटली. नहरेत पाणी पडताना बघून तिची पावलं एकदम जड झाली. मग तिला बाबा दिसले, तुडुमाच्या कडेला उभे, नेहमीच्या जागी. तिचा चेहराच बदलला. मला ते बघवेना.

"तुमी उभे राहून राहिले का, पानकर बाबा?" ती म्हणाली. "मंग मले भेव नाई. मी जेवून येतो."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग नहरेकडे.

"जा," ते म्हणाले.

ती गावाकडे वळली. ती घरांआड जाईपर्यंत आम्ही थांबलो, मग पाण्याच्या सोबतीने नहरेकाठाने खाली गेलो. मधल्या बांध्यांची तोंडं बुजवत बुजवत शेवटी तिच्या बांधीपाशी आलो. तिच्या भेगा पडलेल्या मातीवर पाणी चढायला लागलं होतं; खालची आमची बांधी अजून कोरडी होती. बाबा बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी फावड्याने ओली माती उचलली आणि तिच्या बांधीचं तोंड बंद केलं.